पोट्टे हासतीन. मंग?

सर,

तुम्ही जाऊन सव्वा महिना झाला आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

प्रश्न काही मोठा नव्हता. मी फोनवर म्हणाले होते, "सर, ती चूल मी वर्गात नेणार नाही. पोट्टे हासतीन." पलीकडून तुम्ही नेहमीच्या सुरात म्हणालात, "मंग?" एवढंच. मला असा काही राग आला की मी फोनच ठेवून दिला. त्यानंतर नवव्या दिवशी तुम्ही गेलात. मधल्या दिवसांत मी फोन करायला हवा होता. नाही केला. शनिवारी तुम्ही येणारच, तेव्हा समोरासमोर भांडू, असं म्हणत राहिले. पहिला शनिवार तुम्हाला ताप आला म्हणून चुकला. दुसऱ्या शनिवारी आम्ही सगळे तुमच्या अंगणात खाली मान घालून बसलो होतो.

त्या दिवशी मी रडले नाही. काकूंना नवल वाटलं असेल. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते, आणि भांडताना रडू येत नाही. आज ते भांडण लिहून संपवते. बोलताना तुम्ही मला एकही वाक्य पुरं करू दिलं नसतं.

परक्या माणसाला ‘मंग’ म्हणजे ‘मग’चा गावठी उच्चार वाटतो. मधली काही वर्षं मलाही तसंच वाटायचं. आपल्या शाळेत मात्र तो अख्खा एक विषय होता. संग्रामपूरच्या रस्त्यावरची ती सहा खोल्यांची शाळा, समोर माझ्या अब्बांचं सुतारकामाचं दुकान, आणि शाळेत कार्यानुभव शिकवणारे तुम्ही, वानखडे सर. बाकीच्या शाळांत कार्यानुभवाच्या तासाला खडू पाडायचे, कागदाची फुलं करायचे. तुमच्याकडे दुधाच्या पावडरचा एक रिकामा डबा होता. त्याच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडून आत चुन्याची फक्की भरलेली असायची. कुणी म्हणालं, "सर, आपण अमुक करू," की तुम्ही त्याला व्हरांड्यात उभं करायचात, त्याच्या पायापासून फक्कीची रेघ ओढायचात आणि विचारायचात, "केलं. मंग?" त्यानं उत्तर दिलं की रेघ वीतभर पुढं. "मंग?" अजून वीतभर. कधी रेघेला दोन फाटे फुटायचे. कधी ती नुसतीच लांबत जिन्यापर्यंत जायची. आणि कधी कधी वळसा घेऊन परत त्याच्याच पायापाशी यायची. तेव्हा सगळा वर्ग ओरडायचा, "रेघ पायाशी आली!"

माझ्या पायाशी ती पहिल्यांदा आली आठवीत. शाळेच्या परसबागेतला कोबी चिमण्या टोचतात म्हणून मी जुन्या कॅसेटची फीत ओढून काढली आणि वाफ्यांवर ताणून बांधली. वारा आला की ती चमकायची, फडफडायची. चिमण्या गेल्या. तुम्ही व्हरांड्यात विचारलंत, "चिमण्या गेल्या. मंग?" मी ऐटीत म्हणाले, "मंग काही नाई, सर. कोबी आपला." वीस-पंचवीस दिवसांत अळ्यांनी त्या कोबीची चाळण केली. चिमण्या कोबीत काय टोचत होत्या, ते तेव्हा कळलं. तुम्ही रेघ वळवून माझ्या चपलेपाशी आणून सोडली आणि वर्ग हसत सुटला. त्या दिवसापासून माझं नाव अळी. "ए अळी, डबा आणला का?" "अळी, तुले मोठ्या बाईंनं बलावलं." दहावी होईपर्यंत हेच. तुम्हाला त्याची गंमत वाटायची. मला नाही वाटायची, सर. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. फोन ठेवला त्याचं मूळ तिथं आहे.

पण त्याच कोबीमुळे मी डिझाइन शिकायला गेले, हेही तितकंच खरं. वस्तू बनवणं अब्बांकडे पाहून आलं होतं. बनवलेली वस्तू घराबाहेर पडली की पुढं काय काय करत फिरते, हे कुतूहल तुम्ही लावलंत. कॉलेजात पहिल्याच वर्षी एका सरांनी फळ्यावर गोल काढले, गोलांना जोडणारे बाण काढले, आणि एक बाण फिरवून पुन्हा पहिल्या गोलाकडे आणला. म्हणाले, याला सिस्टीम्स थिंकिंग म्हणतात, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. मोठ्या शहरांतली हुशार पोरं वह्यांत माना घालून उतरवून घेत होती आणि मला हसू आवरेना. शेजारच्या मुलीनं विचारलं, काय झालं? तिला काय सांगणार, की आमच्याकडे हे फक्कीनं काढतात आणि शेवटी सगळी मिळून ओरडतात?

तोवर माझी जीभ ‘मले’वरून ‘मला’वर आली होती. सुट्टीत घरी आले की तुम्ही अब्बांच्या दुकानात बसून चिडवायचात, "आली का पुण्याची मराठी घेऊन?" कॉलेज पुण्याला नव्हतंच. पण तुमच्या लेखी भुसावळच्या पलीकडे सगळं पुणंच होतं.

आता चुलीचं. हे तुम्हाला पाठ आहे, तरी लिहिते, कारण परवापर्यंत हे मी कुणालाच धड सांगितलेलं नव्हतं.

शेवटच्या वर्षाचं काम करायला मी गावातच आले. आपल्याकडे कपाशी उपटली की तिची वाळलेली झाडं, म्हणजे पऱ्हाटी, घरोघरच्या अंगणात रचून ठेवतात. पाऊस लागेपर्यंतचं सरपण तेच. बायका ती गुडघ्यावर मोडून चुलीत सारतात आणि डोळे चोळत बसतात. मी अशी चूल केली की तिच्या तोंडातून अख्खी पऱ्हाटी न मोडता आत जावी, हवा खालून यावी, धूर मागच्या नळीनं बाहेर पडावा. अब्बांनी तिच्यासाठी सागवानी साचा कोरला, दोन पाकळ्यांचा. त्यात माती आणि भुसा दाबून भरायचा, पाकळ्या उघडायच्या की चूल तयार. पहिली चूल सुमनबाईंच्या घरी लागली. शाळेच्या मागच्या गल्लीतल्या, खमक्या, स्वतःचं पाच एकर वावर स्वतः पाहणाऱ्या. आठ दिवसांनी त्या सांगत आल्या की सरपण निम्मंच लागतं. मग गावभर ती चूल झाली. शाळेच्या आवारात बायका रांगेनं बसून साच्यातून चुली काढत होत्या आणि तुम्ही पाण्याच्या बादल्या वाहत होता. किती आनंदात होता तुम्ही!

मी परत जायला निघाले त्या दिवशी तुम्ही डबा काढलात. मला व्हरांड्यात उभं केलंत, एवढ्या मोठ्या मुलीला.

"निम्मं सरपण लागीन. मंग?"

"मंग बाकीचं उरेल."

"उरलं. मंग?"

"मग पुढच्या वर्षी कामाला येईल, सर."

"तोवर थो ढीग कुठी राहीन? अंगणातच? राह्यला. मंग?"

तेवढ्यात एस.टी. आली. नांदुऱ्याला गाडी पकडायची होती. मी बॅग उचलत म्हणाले, "सर, हे मी अहवालात लिहीन." तुम्ही हातातला डबा तसाच धरून म्हणालात, "बरं, जाय." रेघ तिथंच थांबली. अहवालात मी ते लिहिलं नाही. उत्तर मलाही माहीत नव्हतं आणि तुम्हालाही नव्हतं, हे तुम्ही नंतर कितीदा सांगितलंत. तुमचं म्हणणं एवढंच असायचं की, "मी तुले त्या यष्टीत बसू द्याले नव्हतं पाह्यजे." सर, मी बसलेच असते. मला कॉलेजात बक्षीस मिळणार होतं, ते मला दिसत होतं. मिळालंही. त्याचं प्रमाणपत्र अब्बांनी काच लावून दुकानात करवतीच्या वर टांगलं.

मग मी पुण्यात नोकरीला लागले. मिक्सरची झाकणं, डब्यांच्या कड्या असल्या गोष्टींना आकार देत होते. इकडे बीटी कपाशीची पहिली भरभराटीची वर्षं सरली. बीटी आहे म्हणजे अळी येणारच नाही, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मग गुलाबी बोंडअळी आली. बोंड बाहेरून साजरं आणि आत सगळं खाल्लेलं. एका दुपारी तुमचा फोन आला. ना राम राम, ना जय भीम, ना कशी आहेस. "शमीम, रेघ पायाशी आली. ये."

मी आले. तुम्ही मला थेट सुमनबाईंच्या अंगणात नेलंत. आषाढ लागला होता, तरी त्यांची पऱ्हाटीची गंजी कुडाला टेकून छातीइतकी उभी होती. सुमनबाई कौतुकानं म्हणाल्या, "पाय बाई, निम्माबी सरला नाई ढीग. तुह्या चुलीचा गुण." गंजीतल्या एका काडीवर न उमललेलं, वाळून काळं पडलेलं बोंड होतं. ते तुम्ही तोडलंत, तळहातावर फोडलंत. आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. नखानं त्या वेगळ्या केल्या, तर मधोमध गुलाबी अळी, अंगाची जुडी करून निवांत झोपलेली. जिवंत.

पूर्वी पावसाआधी गंजी चुलीत जळून संपायची. अळ्याही तिच्याबरोबर जळायच्या. माझी चूल सरपण वाचवत होती, म्हणून गंजी पावसाळ्यात उभी राहत होती. पाऊस पडला की अळीचं पाखरू होऊन उडायचं आणि पाठीमागच्याच वावरात नव्या कपाशीवर बसायचं. चूल जितकी चांगली, तितकी गंजी टिकाऊ. मी तिथंच खाली बसले. म्हणाले, "सर, हे सगळं माझ्यामुळं झालं."

"येडी हायेस काय?" तुम्ही केवढ्यानं ओरडलात! "चूल नाई तिथंबी अळी हाये. साऱ्या जिल्ह्यात हाये. अळी तुह्या चुलीनं आणली नाई, पोरी." मग हळू आवाजात, "पण आलेल्या अळीले बिऱ्हाड तुह्या चुलीनं देलं."

या दोन वाक्यांसाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे. पहिलं तेवढं बोलला असता, तर मी निर्धास्त होऊन पुण्याला परत गेले असते. दुसरं तेवढं बोलला असता, तर पुन्हा काही बनवायची माझी हिंमत झाली नसती. तुम्ही दोन्ही बोललात, त्याच क्रमानं.

मला बियाण्याचा राग होता, ते विकणाऱ्यांचा राग होता. ते मोकळे सुटतात आणि मी एका चुलीसाठी रडत बसते, हे मला पटत नव्हतं. त्यावरून आपण किती भांडलो. तुम्ही म्हणायचात, त्यायचीबी रेघ काढू, पण तुह्या पायाशी आली ते आधी पाह्य. मी म्हणायचे, सर, हा लहान माणसालाच दोष लावण्याचा प्रकार आहे. ते भांडण मिटलं नाही. मला अजूनही वाटतं की त्यात माझं थोडं बरोबर होतं. तुमचंही होतं.

सुमनबाईंना सांगणं माझ्या जिवावर आलं होतं. तुम्ही सांगू दिलंत, मध्ये तोंड घातलं नाहीत. त्या ऐकत राहिल्या, हातातल्या दोन सरक्यांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग आता काय चूल फोडू म्हंता? तिच्यानं डोयाचं पाणी थांबलं माह्या. चूल काई फोडत नसते मी. दुसरं काई सांगा."

दुसरं काही शोधायला दोन वर्षं लागली. मी पुणं सोडलं. अम्मीनं आठ दिवस अबोला धरला. तुम्ही नववीची पोरं घेऊन घराघरांत गेलात, एका वेळच्या भाकरींना किती पऱ्हाटी लागते ते पाहिलं, आणि रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत कुणाला किती मोळ्या पुरतील हे पोरांनी शाळेच्या भिंतीवर रंगवलं. तेवढीच पऱ्हाटी घरी आणायची. बाकीची वावरातच बारीक करून खड्ड्यात कुजवायची. आणि उपटण्याआधी वावरात मेंढ्या सोडायच्या, हिरवीकच्ची बोंडं त्याच खाऊन टाकतात. मेंढ्यांचं सुमनबाईंना सुचलं. त्यांच्या लहानपणी मेंढपाळ आपले कळप वावरात बसवायचे, ते मधेच बंद पडलं होतं. मी मनातून जराशी नाराज होते. एवढं शिकले, आणि शेवटी मी बनवलं काय? भिंतीवरचा तक्ता आणि मेंढपाळाला धाडलेला निरोप. तुम्ही मात्र जो येईल त्याला ओढत भिंतीपाशी नेत होता आणि सांगत होता, "हे शमीमचं डिझाइन हाये." अळी पुढच्या वर्षीही आलीच. जरा उशिरा आली, जरा कमी आली. एवढंच आपल्या हाताला लागलं, आणि तुम्ही त्यावर खूश होता.

तुमच्यात दोष नव्हते असं नाही. ‘मंग’च्या नादात तुम्ही शाळेचं नवं स्वच्छतागृह वर्षभर लांबवलंत. मुली वर्षभर शेजाऱ्यांच्या घरी जात राहिल्या. तेव्हा मी तुमच्यावर ओरडले होते की प्रश्न विचारत बसायलाही कुणाला तरी किंमत मोजावी लागते. तुम्ही दुसऱ्याच दिवशी गवंड्याला घेऊन आलात. काकू तर सांगतात, एकदा त्यांनी विचारलं, आज वांगं करू? तुम्ही पेपरातून मान वर न काढता म्हणालात, "मंग?" त्या दिवशी वांगंही झालं नाही आणि भाकरीही झाली नाही. हे काकू सांगत होत्या, तुमच्या जलदान विधीच्या दिवशी, आणि सांगता सांगता हसायला लागल्या, मग रडायला लागल्या.

गेली सहा वर्षं मी आजूबाजूच्या शाळांत ‘मंग’चा तास घेते. तुम्ही निवृत्त झाल्यावरही दर शनिवारी बसनं येत होता, मागच्या बाकावर बसत होता, पाय हलवत. मी पोरांना बोअरवेलची रेघ काढून दाखवायचे, पिशव्यांची काढायचे, बाजारातल्या रस्ता-रुंदीची काढायचे. तास संपला की तुमचं एकच पालुपद. "साऱ्या जगाच्या रेघा काढते. सोताची काऊन नाई काढत?" पहिला तास चुलीचा असावा, असं तुमचं म्हणणं. चूल टेबलावर ठेवायची आणि जिनं बनवली तिनं सांगायचं की माझं कुठं चुकलं. मी टाळत होते. पोरं हसतील हे कारण होतंच. पण दुसरंही होतं, आणि ते तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, तरी तुम्हाला माहीत असणार. गावाला आपण फक्त गंजीचं सांगितलं होतं; त्यात चुलीचा हात होता हे अब्बांना मी सांगितलेलं नव्हतं. साचा त्यांनी कोरला होता. आलेल्या गिऱ्हाईकाला ते अजून ते काचेतलं प्रमाणपत्र दाखवत होते. मला गावात बोलवण्याची कारणं तुम्ही त्यांना हजार सांगितलीत, पण हे एक सांगितलं नाहीत. ते माझ्याकडे ठेवलंत.

जून उजाडला, शाळा सुरू होणार होत्या, त्याच सुमाराला तुमचा तो फोन आला. पुढचं वर लिहिलंच आहे.

परवा मी अब्बांच्या दुकानात गेले. मागच्या बाजूला ताडपत्रीखाली पहिली चूल होती. सुमनबाईंनी दुसरी घेतली तेव्हा ही परत आलेली. तिच्याशेजारी साचा. मी स्टुलावर बसले आणि अब्बांना सगळं सांगितलं. गंजी, बोंड, दोन सरक्या, सगळं. ते रंधा थांबवून ऐकत होते. माझं बोलून झालं. मग विचारलं, "साचा तो बराबर था ना?"

"साचा एकदम बरोबर होता, अब्बा."

"फिर ठीक है," म्हणाले, आणि उठून साच्यावरची धूळ फडक्यानं पुसायला लागले. पुसून झाल्यावर म्हणाले, "वानखडे सरले मालूम होतं?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "तरीच. दर शनिवारी चहा प्यायचे इथं बसून, अन् उठताना त्या सर्टिफिकेटकडं पाहून हासायचे." सर, तुम्ही हसत होता? मला वाटत होतं तुम्ही त्या प्रमाणपत्राकडे पाहायचंसुद्धा टाळता.

काल पहिला तास होता. आपल्याच शाळेत, नववीचा वर्ग. चूल मी आणि अब्बांनी हातगाडीवरून नेली. तिची एक कड वाटेत ढासळली. टेबलावर मावली नाही म्हणून खालीच ठेवली. कपाटावरून तुमचा डबा काढला, झाकणाची भोकं चुन्यानं बुजली होती ती खिळ्यानं मोकळी केली. मग चुलीशेजारी उभी राहिले आणि माझ्याच पायापासून रेघ ओढायला सुरुवात केली. मागचा बाक रिकामा होता. मी तिकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं.

पोरांना मी कोबीपासून सांगितलं. अळी हे नावसुद्धा सांगितलं. मग चूल, मग बक्षीस, मग एस.टी. कशी आली ते. पोरं "मंग?" म्हणत होती आणि रेघ सरकत होती. सरपण उरलं. मंग? गंजी राहिली. मंग? पाऊस आला. मंग? मी वळसा घेतला आणि रेघ माझ्या चपलेपाशी आणली. मग मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "अळीनं अळी पाळली!" आणि सगळा वर्ग फुटला, सर. बाकं वाजवत हसले. दारात उभे असलेले अब्बा हसले. मला आठवीतल्यासारखं कानशिलं तापल्याचं जाणवलं आणि मग, कसं कोण जाणे, मीपण हसायला लागले. शेवटी ती ओळ होतीच तशी चांगली. तुम्ही असता तर तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं हसला असता, आणि काल पहिल्यांदा मला त्याचा राग आला नसता.

हसणं ओसरलं. मी मेंढ्यांचं सांगितलं, भिंतीवरच्या तक्त्याचं सांगितलं, आणि आता सगळं मार्गी लागलं अशा थाटात डबा खाली ठेवला. तर खिडकीपाशी बसलेली एक मुलगी उठली. नवीन आहे, नाव अजून मला पाठ नाही. म्हणाली, "मॅडम, औंदा मेंढ्या आल्याच नाई तं? आमच्या गावात मागच्या सालीबी नाई आल्या. मंग?"

"मलाही माहीत नाही," मी तिला सांगितलं. तिनं मान डोलावली, पुढं आली, मला न विचारता डबा उचलला आणि माझ्या रेघेला एक नवा फाटा काढून तिथंच उभी राहिली, पुढच्या उत्तराची वाट पाहत. बाहेर बस येऊन गेली. कुणी उठलं नाही.

तं सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे असं हाये. पोट्टे हासले. मंग त्यायनं मले इचारलं.

तुमची,
अळी